नऊ ठेवू की दहा करू?

स्टोक-ऑन-ट्रेंट
रविवार दुपार

ती. बाबा आणि आई,

सा. न. वि. वि.

फोनवर आपलं बोलणं कसं होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. मी म्हणते इंजिन, बाबांना ऐकू येतं इंजेक्शन, आणि पुढची दहा मिनिटं मला काय झालंय या चौकशीत जातात. म्हणून हे पत्र. आई, तू बाबांना मोठ्याने वाचून दाखवशील, तेव्हा एकच सांगते: मधलं काही गाळू नकोस. पैशाचा विषय आला की तू एक ओळ सोडून वाचतेस, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

तर गोष्ट अशी की गेली तीन वर्षं मी घरात रेल्वे बांधतेय. छोटी. मागच्या खोलीत, शिवणयंत्राच्या शेजारी एक फळी आहे, चार फूट लांब आणि दीड फूट रुंद. तिच्यावर एक स्टेशन, एक सांधा, पाण्याची टाकी, थोडी काळी जमीन आणि तीन बाभळी. आजवर सांगितलं नाही, कारण पन्नाशीला टेकलेली बाई दिवसभर लोकांच्या दाढा उपटते आणि रात्री झुकझुकगाडी खेळते, हे कुर्डुवाडीत कुणाच्या कानावर गेलं असतं तर आईला मंडईत जाणं मुश्कील झालं असतं. खर्चाचं विचाराल, तर दोन बऱ्या साड्यांइतका झालाय. (आई, वाचलंस ना?)

पण रेल्वे म्हणजे कुठली, हे सांगायला हवं. इथले लोक बहुतेक इथल्याच गाड्या करतात. मी बार्शी लाइट करतेय, आपल्या कुर्डुवाडीची ती जुनी छोटी रेल्वे.

हे सुचलं कसं, तर त्याला निमित्त झाली एक सायकल. आमच्या घरापासून गाडीने पाऊण तासावर मॅनिफोल्ड नावाची दरी आहे. तिथे पूर्वी अडीच फुटी गेजची, म्हणजे दोन रुळांत अडीच फूट अंतर असलेली, छोटी रेल्वे होती, 1904 साली सुरू झाली आणि 1934 ला बंद पडली. रूळ उखडून त्या जागी आता सायकलींचा रस्ता केलाय, वाटेत एक बोगदाही लागतो. तुमच्या नातीला घेऊन मी तिथे बऱ्याचदा गेलेय. एकदा तिथला एक जुना फोटो बघितला. इंजिनाच्या कपाळावर परातीएवढा हेडलाइट. इंग्लंडमध्ये एवढा दिवा कशाला, असं वाटलं, आणि का कोण जाणे, ते तोंड ओळखीचं वाटलं. नंतर कळलं की ती लाइन कॅलथ्रॉपची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप. बाबा, आपल्या बार्शी लाइटचाच कॅलथ्रॉप! आधी त्याने 1897 साली बार्शी टाउन ते बार्शी रोड, म्हणजे आपली कुर्डुवाडी, अशी लाइन टाकली आणि मग इथे येऊन मॅनिफोल्डची. इथल्या दोनपैकी एका इंजिनाला त्याचंच नाव दिलं होतं. म्हणजे मी तिसाव्या वर्षी घर सोडून, विमानात बसून, सात समुद्र ओलांडून आले ती थेट त्याच माणसाच्या दुसऱ्या रुळावर.

माणूसही वल्ली होता. पुढे त्याचा मित्र रोल्स, रोल्स-रॉइसमधला रोल्स, 1910 साली विमान पडून गेला, तेव्हा याने रेल्वे बाजूला ठेवून पॅराशूट बनवायला घेतलं.

बाबा, आता कामाचं बोलते. हे तुम्हीच वाचलं तर बरं, चष्मा लावा.

मी जे माप धरलंय त्यात खऱ्या एका फुटाचे चार मिलिमीटर होतात. म्हणजे 76 पट लहान. माणूस बावीस-तेवीस मिलिमीटरचा, माझ्या करंगळीच्या पेरापेक्षा थोडा मोठा. आपला अडीच फुटी गेज म्हणजे 762 मिलिमीटर, या मापात बरोबर 10 मिलिमीटर येतो. बरोबर दहा, दशांशाचीही खळखळ नाही. पण दुकानात तयार रूळ मिळतो तो 9 मिलिमीटरचा. त्याचं कारण असं की त्याहून लहान मापाच्या मॉडेलांसाठी, ज्याला एन गेज म्हणतात, 9 मिलिमीटरची चाकं, मोटरी, चेसिस (म्हणजे खालचा चाकांचा सांगाडा) ढिगाने बनतात. नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची रेल्वे, करणारे लोक तीच चेसिस घेतात आणि वर मोठी बॉडी बसवतात. माझंही इंजिन तसंच आहे. खाली जपानी चेसिस, वर मी प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यातून कापलेली पाण्याची टाकी, केबिन, चिमणी. पत्र्यावर रिव्हेटांचे उठाव आणायला तो उलटा धरून दातांच्या प्रोबने एकेक टिंब दाबलं. तीनशे बारा रिव्हेट. जावईबापूंनी विचारलं, मोजले कशाला? मी म्हटलं, बाबा विचारतील.

तर हा एक मिलिमीटर. इथे सगळे म्हणतात, कुणाला दिसतोय? आणि खरंच दिसत नाही. पण एक मिलिमीटर गुणिले 76 म्हणजे तीन इंच. तुमच्या रेल्वेच्या वर्कशॉपात एखाद्याने चाकाच्या मापात तीन इंच चुकवले असते तर तुम्ही त्याला कुठल्या शब्दांत घरी पाठवलं असतं ते आईसमोर लिहीत नाही.

दुसरा हिशोब तुम्हाला आवडेल. कॅलथ्रॉपचा सगळा आग्रह एका आकड्यावर होता: कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको, म्हणजे हलका रूळ पुरतो आणि लाइन स्वस्तात होते. आता लांबी 76 पट कमी केली की वजन 76 गुणिले 76 गुणिले 76 पट कमी व्हायला हवं. पाच टनांचे होतात साडेअकरा ग्रॅम! दोन चमचे साखर. आसामागे एवढ्या वजनावर माझं इंजिन नुसतं जागेवर चाकं फिरवतं, डबे हलत नाहीत. म्हणून टाकीत शिसं भरलं. ते कुठून आणलं? दातांच्या एक्सरेच्या जुन्या फिल्मच्या पाकिटात शिशाचा पातळ वर्ख असतो. आता सगळं डिजिटल झालंय, पण कपाटात एक डबा उरला होता. मास्क आणि हातमोजे घालून वर्खाच्या घड्या केल्या आणि टाकीत दाबून बसवल्या. आता आठ डबे ओढते.

आणि वेग. ताशी पंचवीस किलोमीटरने जाणारी गाडी माझ्या फळीवर सेकंदाला नऊ सेंटिमीटर सरकायला हवी. बारा व्होल्टची मोटर एवढी हळू, न अडखळता चालवणं हेच या छंदातलं खरं कसब. नवशिके लोक गाडी डेक्कन क्वीनसारखी सोडतात. माझं बरं आहे, कितीही हळू गेली तरी बार्शी लाइटला कोण नावं ठेवणार?

आई, तुझ्या वाटचं सांगते. काळी माती कशी केली असेल, ओळख. चहाचा चोथा. महिनाभर साठवला, ओव्हनमध्ये खडखडीत वाळवला, नाहीतर बुरशी येते, आणि पातळ फेव्हिकॉलवर भुरभुरला. अगदी तुझ्या माहेरच्या शेतासारखी दिसते, पाऊस यायच्या आधीची. ज्वारी कापून झाल्यावर उरलेले धसकट हवे होते, ते दारातल्या काथ्याच्या पायपुसण्याचे केस उपटून एकेक रोवले. पायपुसण्याला आता एका कोपऱ्यात टक्कल पडलंय. बाभळी तांब्याची तार पिळून केल्या आणि फुलांसाठी हळद टाकली. हळद उन्हाने उडते, दर दोन महिन्यांनी बाभळींना हळद लावावी लागते. फलाटाची दगडी भिंत दातांचे साचे ज्यात ओततो त्या डेंटल स्टोनची आहे. म्हणजे आमच्या दवाखान्याचा माल वाया जात नाही एवढं समज.

मागच्या शनिवारी एका शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन होतं, तिथे पहिल्यांदा माझी फळी मांडली. वीस-बावीस फळ्या होत्या, बहुतेकांमागे सत्तरीचे आजोबा, थर्मास आणि स्टूल घेऊन बसलेले. साडी-बिडी नेसले नव्हते, तरी लोक वळून बघत होतेच. अकरा वाजता मंडळी जमली आणि माझी गाडी सांध्यावर पडली. उचलून ठेवली, दुसऱ्या खेपेला परत पडली, त्याच जागी. मी पाऊण तास सांधा कानशीने घासत बसले. लोक येत होते, बघत होते, सहानुभूतीने मान हलवून पुढे जात होते. घाम फुटला हो. मग तुमचं वाक्य आठवलं. दादाच्या सायकलचं मागचं चाक घासत होतं तेव्हा तो चिमटा पिळत बसला होता, आणि तुम्ही म्हणालात, "रस्त्याला शिव्या नंतर दे, आधी चाक बघ."

चाक बघितलं. पुढच्या आसावरचं उजवं चाक आसावरून आत सरकलं होतं. किती? अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. सरळ रुळावर ते चालून जायचं, सांध्यावर आलं की आतल्या पट्टीवर चढायचं. ओढून जागेवर बसवलं, मापलं, आणि संध्याकाळी पाचपर्यंत गाडी एकदाही पडली नाही.

मापलं ते तुमच्या व्हर्निअरने, बारीक मापं घ्यायच्या त्या पट्टीने. रिटायर झाल्यावर तुम्ही तो दादाला दिला होतात. मागच्या दिवाळीत मी त्याच्या टीव्हीच्या कपाटातून उचलून आणलाय. वर्ष होत आलं, त्याने अजून शोधलेला नाही. दादाला वर्कशॉप बघायला नेलंत, मला नाही. "मुलींचं तिथं काय काम," म्हणालात. मी तेव्हा सातवीत होते, दोन दिवस तुमच्याशी बोलले नव्हते, तुम्हाला ते कळलंही नसेल. आता त्यावर भांडायचं नाही. पण व्हर्निअर परत मिळणार नाही.

दुपारी एक पांढऱ्या दाढीचे आजोबा आले. वाकून, चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत होते. मी मनात वाक्य जुळवत होते: इंडिया, महाराष्ट्र, सोलापूर डिस्ट्रिक्ट. पुण्यात कॉलेजला असताना कुर्डुवाडी कुठे आलं ते प्रत्येकाला सांगावं लागायचं, तशी तयारी. तर आजोबा म्हणाले, "बार्सी?" मी हो म्हटलं. मग त्यांनी मला सगळं सांगितलं. 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर, 1927 ला मिरज, आणि 1954 ला सरकारने कंपनी विकत घेतली, हे मला त्या बार्शी कधीही न बघितलेल्या माणसाकडून समजलं. सगळी लाइन मिळून 202 मैल, म्हणजे 76 पट लहान केली तरी सव्वाचार किलोमीटर रूळ लागेल, तेवढी फळी कुणाकडे आहे, असं म्हणून हसले. मग विचारलं, तुमचं काय नातं त्या लाइनशी? मी म्हटलं, माझे वडील कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात फिटर होते, चौतीस वर्षं. त्यांनी चष्मा खाली घेतला आणि माझ्याकडे नीट बघितलं. मग खिशातून वही काढली. म्हणाले, त्यांना माझे काही प्रश्न विचाराल का?

सात प्रश्न आहेत, ते वेगळ्या कागदावर जोडलेत. ते इंजिनांचे आहेत, तुम्हाला कळतील, मला निम्मे कळले नाहीत. सावकाश उत्तरं द्या.

माझे प्रश्न सोपे आहेत. डब्यांचा रंग मला तांबडा आठवतो, पण तो रंगच तसा होता की धुळीने तसा दिसायचा? डब्याच्या आतली बाकं उभ्या पट्ट्यांची की आडव्या? लहान स्टेशनांवर सांधा बदलायचा दांडा फलाटाच्या बाजूला असायचा की पलीकडे? शक्य असेल तर पेन्सिलीने चित्र काढा, मापं टाका, आणि आई फोटो काढून पाठवेल. आई, आषाढीला तुम्ही माहेरून पंढरपूरला जायचात तेव्हा टपावर माणसं बसायची म्हणतेस, ती कुठून चढायची? मला टपावर चाळीस वारकरी बसवायचेत आणि शिडी कुठे लावायची ते समजत नाहीये. स्टेशनला नावही अजून नाही. तू सुचव, पण तुझ्या माहेरच्या कुणाचं नको, वाद होतील.

आणि बाबा, मुख्य प्रश्न तोच. नऊ ठेवू की दहा करू? दहा करायचं तर तयार रूळ सगळा उखडावा लागेल. तांब्याचा थर असलेल्या सर्किट बोर्डाच्या पट्ट्या कापून स्लीपर करायचे, एकेका स्लीपरला रूळ डाग देऊन बसवायचा, सांधा हाताने घडवायचा, आणि इंजिनापासून शेवटच्या वाघिणीपर्यंत प्रत्येक आस बदलायचा. मी मोजलं, रोज रात्री तास दिला तर पुढचा गणपती येईल. जावईबापूंचं म्हणणं नऊच ठेव. नातीचं म्हणणं, आजोबांना विचार.

गुडघ्याचं तेल संपलं असेल तर दादाला सांगा, तो आणत नसेल तर मला सांगा. गोळी सकाळचीच घ्या, रात्री दोन एकदम नको.

तुमची,
बबी