पंपाआधी वायर तपासा

महोदय,

जुन्या मॉरिस मायनरमध्ये पेट्रोल येईनासे झाले की मेकॅनिक सरळ एसयू पंप (टाकीतून पेट्रोल ओढणारा, विजेवर चालणारा पंप) बदलायला सांगतात. मूळ पंप असा फुकट जाताना पाहून वाईट वाटते, कारण दोष बरेचदा वायरिंगमध्ये असतो.

इग्निशन चालू करताच पंपाची टिकटिक सुरू होऊन कार्ब्युरेटर भरल्यावर थांबली पाहिजे. थांबतच नसेल, तर टाकीत पेट्रोल आहे का आणि पाइप हवा ओढतो का, ते पाहा. आवाजच नसेल तर पंपाला वीज आणणारी पांढरी वायर पंपापासून सोडवा. नुसता व्होल्टमीटर लावून भागत नाही. भार नसल्याने गंजलेल्या जोडातूनही तो १२ व्होल्ट दाखवतो. वायरचे टोक आणि बॉडी यांमध्ये २१ वॅटचा बल्ब लावा आणि तो पेटलेला असताना व्होल्ट मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त घट आली, तर फ्यूजबॉक्सची टोके, बुलेट कनेक्टर (वायरी जोडणारे गोल खटके) आणि इग्निशन स्विच एकेक करून तपासा. पंपाची अर्थ वायर, म्हणजे त्याला बॉडीशी जोडणारी वायर, सगळ्यांत दुर्लक्षित! तिच्या स्क्रूखालचा रंग आणि गंज खरवडून धातू उघडा करा.

या गाड्यांत मुळात बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला असते. साध्या पॉइंटवाल्या (उघडझाप करणाऱ्या संपर्कांच्या) पंपाला कोणते टोक बॉडीला आहे याने फरक पडत नाही, पण डायोड असलेला किंवा इलेक्ट्रॉनिक पंप उलटा जोडला की जळतो.

नवी वायर दीड चौरस मिलिमीटरची घ्या. काम बॅटरी सोडवूनच करा, आणि पेट्रोलच्या वाफेजवळ सोल्डरिंग कदापि नको.

– एक मोटार वायरमन, कोल्हापूर