हातात डोकं घेऊन सहा किलोमीटर

पॅरिस, १० ऑक्टोबर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, नोत्र दामच्या दाराचा फोटो पाहून तुम्ही विचारलं होतंत, "हा बुवा स्वतःचंच डोकं हातात घेऊन का उभा?" फोनवर आई मधेच "जेवलीस का?" विचारते आणि गोष्ट तुटते, म्हणून लिहितेय.

हा सेंट डेनिस, पॅरिसचा पहिला बिशप. इ.स. २५० च्या सुमारास रोमन सत्तेने त्याचा शिरच्छेद केला. खात्रीचं म्हणावं तर एवढंच. तेही तूर गावच्या ग्रेगरी नावाच्या बिशपने तीनशे वर्षांनी लिहिलेलं. बाकीचं लोकांनी भरलं. माँमार्त्रच्या टेकडीवर मान उडवली, तर हा उठला, डोकं उचललं, झऱ्यावर धुतलं आणि प्रवचन देत उत्तरेकडे निघाला. जिथे कोसळला तिथे कातुला नावाच्या बाईने त्याला पुरलं. तिथेच पुढे सँ-दनीचं मोठं चर्च झालं आणि फ्रान्सचे राजे शतकानुशतकं त्याच्या शेजारी पुरले गेले. तुम्ही सांगायचात, पुरंदरावर मुरारबाजींचं शीर पडलं तरी धड लढत राहिलं. इथलं धड नुसतं चालतं, बोलतं ते डोकं!

काल त्याचा दिवस होता, म्हणून मीही ती वाट चालले. टेकडीवरच्या एका छोट्या बागेत त्याचा पुतळा आहे, डोकं हातातच. तिथून उतरून पोर्त द ला शापेल, मग रिंगरोडच्या पुलाखालून, स्टेडियमजवळून. साधारण सहा किलोमीटर. गाड्यांचा धूर, बांधकामं, एकही देखणी जागा नाही. दीड तास लागला, आणि माझं डोकं जागेवर होतं.

मूर्तिकारांची पंचाईत बघा: प्रभावळ कुठे काढायची? कोणी रिकाम्या मानेवर काढतं, कोणी हातातल्या डोक्याभोवती.

नवव्या शतकात सँ-दनीच्या मठाधिपतीने ठरवून टाकलं की हा डेनिस म्हणजे बायबलमधला, पहिल्या शतकातला अथेन्सचा डायोनिसियसच. मधली दोनशे वर्षं गेली कुठे, हे कोणी विचारलं नाही. बाराव्या शतकात आबेलार नावाच्या विद्वानाने त्याच मठात राहून शंका काढली, तर साधू इतके खवळले की त्याला रातोरात पळावं लागलं. गावच्या देवस्थानाबद्दल शंका काढून बघा, असंच होईल.

आणि अठराव्या शतकातली पॅरिसची एक हजरजबाबी बाई, मादाम द्यु देफाँ. एक कार्डिनल तिला कौतुकाने सांगत होता, डोकं घेऊन डेनिस केवढं लांब चालला! ती म्हणाली, अंतराचं काही नाही हो, पहिलं पाऊल तेवढं अवघड.

आई, लगेच समजू नकोस की मी तुझ्या गुडघ्याबद्दल बोलतेय. तुझ्या गुडघ्याबद्दलच बोलतेय. बाबा सांगत होते, वॉकरवर पंचे वाळत असतात.

तुमची,
मनू