मा. ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र: डीपीच्या पुढची वीज मोजणार कोण?

मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स.न.वि.वि.

चंद्रपूरचं 2920 मेगावॅटचं वीज केंद्र महानिर्मितीचं. तिथली वीज 400 केव्हीच्या (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) तारांवर महापारेषणच्या ताब्यात जाते आणि उपकेंद्रागणिक पायऱ्या उतरत 33 आणि 11 केव्हीला महावितरणकडे येते. 6 जून 2005 ला राज्य वीज मंडळाचं विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण या तीन कंपन्यांकडे गेलं. तेव्हापासून एका कंपनीने दुसरीला बिल लावायचं असल्यामुळे या देवाणघेवाणीत मीटरला पर्याय नाही. ऐरोलीच्या भार प्रेषण केंद्रात दिवसाचे 15-15 मिनिटांचे 96 भाग पाडून कोणी किती वीज टाकली आणि कोणी किती उचलली, याचा हिशेब ठेवतात.

एवढा काटेकोर कारभार शेतीच्या फिडरवर, म्हणजे उपकेंद्रातून शिवाराकडे जाणाऱ्या 11 केव्हीच्या लाइनवर, आला की अंदाजपंचे होतो. उपकेंद्रातून फिडरवर किती युनिट गेली ते कळतं. पुढे कित्येक पंपांना मीटरच नाहीत, आणि जिथे आहेत त्यातले बरेच बंद. मग पंपाचा एचपी आणि चालल्याचे तास धरून ‘कृषी वापर’ ठरतो आणि उरलेली वीज गळतीत जाते. फिडरवर 1 लाख युनिट गेली असं समजा. वापर 70 हजार धरला तर गळती 30 टक्के. तोच 80 हजार धरला तर कारभार सुधारला! तारा त्याच, आकडे टाकणारेही तेच.

साहेब, शिवारातली एखादी डीपी, म्हणजे पंपांना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर आणि त्याची फ्यूजपेटी, स्वतः जवळून पाहा. पेटीला झाकण असेलच असं नाही. किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजच्या खोबणीत, फ्यूज वायरच्या जागी ॲल्युमिनियमच्या तारेचे दोन-तीन पदर पिळून बसवलेले. तिथून 440 व्होल्टची लाइन झोळ खात बांधाबांधाने लांबवर जाते. शेवटच्या विहिरीवर व्होल्टेज पडलं की मोटर जास्त ॲम्पिअर ओढते, आणि ॲम्पिअर दुप्पट झाले की तारेतली गळती चौपट. पाणी बारीक धारेनं पडतं, वाइंडिंग तापत जातं आणि एक दिवस जळतं. वीज मोफत झाली, रिवाइंडिंग अजून मोफत नाही.

उपाय ठाऊक नव्हता असं नाही. 2018 ची एचव्हीडीएस (उच्चदाब वितरण प्रणाली) योजना नेमकी यासाठीच होती. 11 केव्हीची लाइन थेट शेतापर्यंत न्यायची आणि एका-दोन पंपांमागे एक छोटा ट्रान्सफॉर्मर बसवायचा. आता भर सौर कृषी वाहिनी योजनेवर, म्हणजे सौर प्रकल्पातून शेतीच्या फिडरला वीज देण्यावर आहे. दिवसा वीज मिळते, शेतकऱ्याचं रात्रीचं जागरण टळतं, हे चांगलंच झालं. पण सौर प्रकल्पाची वीजही उपकेंद्रातून त्याच 11 केव्हीच्या फिडरवर चढते आणि त्याच डीपीतून, त्याच झोळ पडलेल्या तारांनी विहिरीवर जाते.

2024 च्या बळीराजा मोफत वीज योजनेनं तर आकडा विचारणाराच कोणी ठेवला नाही. 7.5 एचपीपर्यंतच्या सुमारे 44 लाख पंपांचं बिल सरकार भरतं. शेतकऱ्याला युनिटशी देणंघेणं राहिलं नाही, कंपनीला अंदाजावर पैसे मिळतात. भुर्दंड पडतो तो करदात्यावर आणि क्रॉस सबसिडी भरणाऱ्या, म्हणजे इतरांची वीज स्वस्त राहावी म्हणून जादा दर देणाऱ्या कारखानदारावर, जो आता ओपन ॲक्सेसची, म्हणजे महावितरण सोडून दुसऱ्याकडून वीज घेण्याची वाट शोधतोय.

पंपाला मीटर लावा, असं मी म्हणत नाही. मीटर दिसला की उद्या बिल येणार, ही शेतकऱ्याची भीती अनुभवातून आलेली आहे. मीटर डीपीवर बसवा, आणि त्याच्या रीडिंगवरून कोणालाही बिल लावणार नाही असं शासन निर्णयातच लिहून द्या. दर महिन्याला फिडरवर किती वीज गेली, कोणत्या डीपीवर किती पोचली आणि त्या डीपीवर किती एचपीचा भार मंजूर आहे, एवढं जाहीर करा. कोणती डीपी ओव्हरलोड आहे आणि नवा ट्रान्सफॉर्मर आधी कुठे हवा, हे मग वशिल्याशिवाय ठरवता येईल. डीपीखालचे चालू पंप मोजले की एका पंपाचा खरा वापरही कळेल.

सगळ्या राज्यात एकदम जमणार नाही, हे मान्य. महावितरणच्या प्रत्येक परिमंडळातला एक तालुका घ्या आणि खरीप-रब्बीचं एक पूर्ण वर्ष मोजा. ते आकडे पुढच्या दरवाढीच्या प्रस्तावासोबत वीज नियामक आयोगापुढे ठेवा, म्हणजे जनसुनावणीत आम्हाला एचपीच्या गुणाकारावर वाद घालत बसावं लागणार नाही.

आपला,
एक वीजग्राहक