चांदीच्या बाळंतपणाला धावून आलेल्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आमच्या चांदी कुत्रीची पाचही पिल्लं आता खिमट खातात आणि अंगणभर पळतात, हे तुम्हाला फोनवर कळलंच आहे. पण फोनवर मला जे बोलता येत नाही, ते लिहायला बसले आहे. आणि हे पत्र मुद्दाम सगळ्यांनी वाचावं असं लिहिते आहे. त्या दिवशी आमच्याशी फोनवर जे जे बोलले, त्यांच्यापैकी कुणाच्या नजरेस पडलं तर बरंच होईल.

मी आशा सेविका. वाड्यावस्त्यांवरच्या कितीतरी पहिलटकरणींना घेऊन मी दवाखान्यात गेलेली आहे. बाई कधी घाबरते आणि कधी खरंच थकते, यातला फरक मला बघून बघून कळतो. त्यामुळे चांदीच्या पहिल्या वेताची मी नीट तयारी केली होती. कुत्रा दाखवल्याच्या तारखेपासून 63 दिवस मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण केली होती. पडवीत तिच्यासाठी पोत्यांवर जुन्या सुती साड्यांची जागा केली होती. शेवटच्या आठवड्यात रोज थर्मामीटर लावत होते. एरवी 101 च्या पुढेमागे असणारा पारा 99 च्या खाली आला, तेव्हा 24 तासांत ही व्याणार हे घरात सांगितलं. रात्रभर ती धापा टाकत होती, साड्या उकरत होती, भाकरीला तोंड लावत नव्हती. पहिल्या वेताला एवढा वेळ लागतो, म्हणून आम्ही कुणी घाई केली नाही.

दुसऱ्या दिवशी बेंदूर होता. दुपारपासून ती जोर करू लागली. कळ यायची, पाठीची कमान व्हायची, आणि काही नाही. मग हिरवट काळं पाणी गेलं आणि पिल्लू एकही नव्हतं. बाईच्या पाण्यात हिरवा रंग दिसला की आम्ही गाडी बोलावतो, वाट बघत नाही. कुत्रीच्या बाबतीत त्याचा अर्थ काय, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण मी फोन हातात घेतला.

पहिला फोन शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात. जात कोणती, विचारलं. कारवान म्हटल्यावर पलीकडचा आवाजच बदलला. "गावठीच ना ती? त्या आपोआप वितात. उद्या घेऊन या." जतच्या या माळावर मेंढपाळांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं कुत्रं ते. पण समजा गावठी असती, तरी? गावठी कुत्रीच्या कळा कमी दुखतात का?

दुसरीकडे आधी पैसे पाठवायला सांगितलं, मग बोलू म्हणाले. तिसऱ्यांनी तर कहर केला. मेडिकलमधून ऑक्सिटोसिन आणा आणि मालकांना टोचायला सांगा, म्हणाले. ती सुई मी आणू दिली नाही. प्रसूतीच्या खोलीत त्या औषधाची ताकद मी पाहिली आहे, आणि तिथंही ते डॉक्टरांच्या नजरेखालीच देतात. पुढे तुम्हीच सांगितलंत, वाट अडलेली असताना ती सुई दिली असती तर गर्भाशय फाटून आई आणि पिल्लं सगळीच गेली असती. फोनवरून असं सांगणाऱ्या माणसाला रात्री झोप कशी लागते, मला खरंच कळत नाही.

गावातही तऱ्हा वेगळी नव्हती. सकाळी बैलांच्या पायांवर पाणी घालून, शिंगं रंगवून, त्यांना पुरणपोळी चारणारी माणसं संध्याकाळी आमच्या पडवीपाशी येऊन म्हणत होती, कुत्रीसाठी कशाला एवढी धावाधाव, सोडून द्या, जाईल कुठंतरी झाडाखाली.

तुमचा नंबर मला मेडिकलवाल्या दादांनी दिला. आमचं गाव तुमच्या दवाखान्याकडे येत नाही. सणाची सुट्टी होती. मी हे दोन्ही आधीच सांगून टाकलं, म्हणजे नकार द्यायचा तर लगेच द्याल. तुम्ही त्यावर काही बोललाच नाहीत. विचारलंत, शेवटची कळ कधी आली, पाण्याचा रंग कसा आहे, ती उभी राहते का. आणि मग, "ओढ्याला पाणी किती आहे?" तो प्रश्न ऐकून मी पायरीवरच बसले. येणाऱ्या माणसालाच ओढ्याचं पाणी विचारावं लागतं.

गाडी पलीकडे ठेवून, बॅग डोक्यावर घेऊन तुम्ही ओढा उतरलात. पडवीत आल्यावर आधी डोळ्यांवर येणारी ट्यूब बंद करायला लावलीत आणि बघ्यांना घालवलंत. मग लगेच हात लावला नाहीत. जमिनीवर बसून चांदीला हात हुंगू दिलात. मला म्हणालात, "तिच्या डोक्याशी तुम्हीच बसा. काही झालं तरी हलायचं नाही." मी हलले नाही.

पुढचं सगळं मी लिहीत नाही, ते तुमचं काम आणि तुम्हाला ठाऊक. एवढंच सांगते, की पिल्लू शेपटीकडून आलं होतं आणि त्याचे मागचे पाय पोटाखाली दुमडले होते. कुत्र्यांची पुष्कळ पिल्लं पायाळूच येतात, पाय सरळ असले तर त्यात भिण्यासारखं काही नसतं, हे तुम्ही माझ्या थोरलीला काम करता करता समजावत होतात. ते हिरवं पाणी म्हणजे वार सुटू लागल्याची खूण, हेही तेव्हाच सांगितलंत. पहिलं पिल्लू बाहेर यायच्या आधी ते दिसलं तर थांबायचं नसतं. तुमचा आवाज एकदाही चढला नाही. चांदीची कळ येईल तेव्हाच तुमचा हात चालायचा. कळ ओसरली की तुम्हीही थांबायचात.

ते पिल्लू निपचित निघालं.

तुम्ही त्याच्या नाकातोंडातलं पाणी काढलंत, चोळलंत, बराच वेळ. मग थांबलात. शेजारी पत्र्याचा डबा होता, खराब झालेली फडकी आम्ही त्यात टाकत होतो. मला वाटलं, आता तेही त्यात जाणार. तुम्ही कोरडं फडकं मागितलंत. त्याचं तोंड पुसलंत, कानामागं पुसलंत, पाणमोटीचा चिकटा पायांच्या बोटांमधून काढलात. पुढची पाच जिवंत पिल्लं तुम्ही जशी पुसलीत, अगदी तशीच. आणि ते चांदीच्या नाकाशी ठेवलंत.

"तिला कळू दे," म्हणालात. "नाहीतर शोधत बसेल."

चांदीनं हुंगलं. चाटलं. नाकानं एकदा ढकलून पाहिलं, पुन्हा चाटलं. आत अजून पिल्लं होती, वेळ जात होता, ते माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत होतं. तुमचा एक हात तिच्या पोटावर होता, पुढची कळ कधी येते ते बघत. पण दुसऱ्या हातानं तुम्ही ते पिल्लू ओढून घेतलं नाहीत. तिनं आपणहून मान फिरवली, तेव्हा उचललंत आणि फडक्यात नीट गुंडाळून, दोन्ही हातांनी आमच्या मालकांच्या ओंजळीत दिलंत.

मॅडम, मी हे फारसं कुणाजवळ बोलत नाही. माझं पहिलं बाळंतपण असंच अडलं होतं. मूल गेलेलंच जन्माला आलं. हिरव्या कापडात गुंडाळून माझ्या पायांकडूनच नेलं. "बघू नका, त्रास होईल," म्हणाले. मुलगा होता की मुलगी, हे मला दुसऱ्या दिवशी आत्यांकडून, म्हणजे सासूबाईंकडून कळलं. मुलगी होती. त्या दवाखान्यातल्या लोकांच्या मनात वाईट होतं असं मी म्हणत नाही, त्यांना घाई होती. पण तिचं नाक कसं होतं, केस होते का, मला माहीत नाही. थोरली आता बारावीला आहे, धाकटा आठवीत आहे, तरी मला ते माहीत नाही.

आशा झाल्यापासून असा प्रसंग एखाद्या बाईवर आला, तर मी तिच्या कानाशी जाऊन विचारते, बघायचंय का, घ्यायचंय का जवळ? मला हे कुणी शिकवलेलं नाही. कुणी हो म्हणतं, कुणी नाही म्हणतं, पण विचारायला तर हवं. मला वाटायचं हे फक्त मलाच सुचतं, कारण माझ्यावर बेतलंय. त्या रात्री पडवीत बसून मी बघितलं, की तुम्हाला ते सुचलं. तेही एका कुत्रीसाठी, ओल्या कपड्यांत, कुणी न सांगता. मी तेव्हा तोंडाला पदर लावून बसले होते, ते पिल्लासाठी रडतेय असं तुम्हाला वाटलं असेल. ते पिल्लासाठीही होतं.

त्यानंतरची पिल्लं भराभर आली. एक मात्र श्वास घेत नव्हतं. तुम्ही ते थोरलीच्या हातात दिलंत, तोंड खाली धरायला सांगितलंत, "चोळत राहा, मी सांगेपर्यंत थांबायचं नाही." तिची बोटं थरथरत होती, पण ती थांबली नाही. ते ओरडलं तेव्हा आत्या घरातून "झालं का?" म्हणत पळत आल्या. त्यांना चांदी घरात आलेलीही चालत नाही. त्या रात्री त्यांनीच चुलीवर पाणी तापवून बाटल्या भरल्या, वर साडी गुंडाळून पिल्लांच्या कडेला ठेवल्या, आणि गार झाल्या की बदलत बसल्या. पिल्लू गार असताना त्याला दूध पाजायचं नाही, आधी ऊब, मग सड, हे तुमचं वाक्य त्या आता शेजारणींना शिकवतात.

तुमच्याबरोबर मला आणखी काही माणसांची आठवण काढायची आहे. सणाच्या दिवशी शटर उघडून हातमोजे आणि जेली देणारे मेडिकलवाले दादा. ओढ्याच्या काठाला ट्रॅक्टर आडवा लावून तुम्ही परत जाईपर्यंत दिवे चालू ठेवणारा शेजारचा पोरगा, डिझेलचं नावही काढलं नाही त्यानं. मी गावात फिरते, माणसं बघते. आपल्याला ज्याच्याकडून काहीच मिळायचं नाही त्याच्याशी माणूस कसा वागतो, तिथं त्याचं खरं रूप दिसतं असं माझं मत आहे. मेलेल्या पिल्लाकडून कुणाला काय मिळणार होतं? ज्यांच्या भिंतीवर परदेशी कुत्र्यांचे मोठमोठे फोटो आहेत, त्यांना आमची चांदी फोनवरसुद्धा नकोशी झाली. आणि तुम्ही फी घेतलीत ती नेहमीचीच. वर नोट ठेवायला गेले तर माझा हात धरून म्हणालात, "ताई, तिला दोन दिवस गूळ घालून पेज द्या." मी दिली.

आम्हा आशांना घरी जाऊन बाळ बघायचे दिवस ठरलेले असतात, तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. पिल्लांचीही मी तशीच वही केली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन. जे श्वास घेत नव्हतं, तेच आता सगळ्यांत जड आहे. डोळे बाराव्या दिवशी उघडू लागले. दूध भरात आल्यावर आईच्या रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरू शकतं, थरथर किंवा अडखळत चालणं दिसलं तर रात्री कितीही वाजता फोन करा, असं तुम्ही बजावून गेला होतात. त्याची वेळ आली नाही. पण तिसऱ्या आठवड्यात तुमचाच फोन आला, "चांदी चालते कशी?" म्हणून. तो फोन मी स्पीकरवर लावून घरात सगळ्यांना ऐकवला.

जंताचं औषध तुम्ही सांगितलं तसं देते आहे. लसीला पाचही पिल्लं पाटीत घालून तुमच्याकडेच आणणार, जवळचा दवाखाना कुठलाही असो. दोन पिल्लं शेजारच्या वस्तीवरच्या मेंढपाळांनी सांगून ठेवली आहेत, एक मेडिकलवाल्या दादांना हवं आहे, एकाचं अजून ठरायचं आहे. जड झालेलं थोरली कुणाला देत नाही. पिल्लं दूध सोडल्यावर चांदीचं ऑपरेशन कधी करायचं ते तुम्ही सांगा, मी तारीख वहीत लिहून ठेवते.

हुरड्याला नक्की या, घरच्या सगळ्यांना घेऊन. ओढा तेव्हा कोरडा असतो, गाडी थेट दारापर्यंत येते.

तुमची,
एक आशा सेविका
जत तालुका, जि. सांगली