सांकळियांच्या खुर्चीचं नाव काय होतं?

मा. संपादक,

पुरातत्त्व म्हटलं की आपल्याकडे लगेच खजिना आणि शिवकालीन तलवारी सुरू होतात, म्हणून जरा लिहावंसं वाटलं. पुण्याचं डेक्कन कॉलेज १९३४ ला बंद पडलं होतं, ते १९३९ ला रिसर्च इन्स्टिट्यूट म्हणून परत सुरू झालं आणि तिथे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया प्रोफेसर झाले. गंमत म्हणजे त्यांच्या पदाच्या नावात पुरातत्त्व हा शब्दच नव्हता, आद्य-भारतीय आणि प्राचीन भारतीय इतिहासाचे प्राध्यापक असं काहीतरी लांबलचक होतं! पण माणूस लंडनहून पीएचडी करून आणि ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ व्हीलरच्या हाताखाली इंग्लंडातल्या मेडन कॅसल या प्राचीन किल्ल्यावर खणून आलेला, तो काय नुसता खुर्चीत बसणार, मग गुजरातमधलं लांघणज, नेवासा असं करत १९६८ पासून घोड नदीकाठचं इनामगाव खणलं. तिथे घराच्या जमिनीखाली लहान मुलं पुरलेली, दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली आणि आत ते इवलंसं पोर. तीन हजार वर्षांपूर्वीच्या आईबापांनी पोराला घराबाहेर जाऊ दिलं नाही असं मला तरी वाटतं, तज्ज्ञ हसतील कदाचित.

हे सगळं सांगायचं कारण, अशा पदावरचा माणूस रिटायर झाला की जागा वर्षानुवर्षं रिकामी ठेवायची आणि तासिका तत्त्वावर भागवायचं हे बरोबर नाही, खणणं आठ महिन्यांच्या काँट्रॅक्टवर होत नसतं. इनामगावलाच पंधरा वर्षं लागली होती.

– एक वाचक, पुणे