वेबसाइटच्या एएमसीत नेमके काय येते?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लिफ्टची किंवा एसीची एएमसी (वार्षिक देखभाल करार) करताना आपले व्यापारी एकेक कलम तपासून घेतात : वर्षात भेटी किती, गॅस धरला आहे का, सुटे भाग कोणाच्या खर्चाने. वेबसाइटसाठी मात्र ‘वार्षिक देखभाल, एकरकमी’ एवढ्या एका ओळीच्या बिलावर पैसे दिले जातात. त्या ओळीत कोणती कामे येतात हे देणाऱ्याला माहीत नसते आणि पुष्कळदा घेणाऱ्यानेही ठरवलेले नसते.

यात सर्वांत महाग पडते ती डोमेनची, म्हणजे वेबसाइटच्या नोंदवलेल्या नावाची, चूक. नाव व्यवसायाचे, पण नोंदणी वेबसाइट बनवणाऱ्याच्या खात्यात, हा प्रकार सर्रास आढळतो. रजिस्ट्रारकडील (डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीकडील) खाते मालकाच्याच नावाचे, त्याच्याच मोबाइलशी जोडलेले हवे आणि त्याला दिलेला ईमेल त्याच डोमेनवरचा नको. डोमेन बंद पडले की तो ईमेलही बंद पडतो, मग ओटीपी येणार कुठे? ‘ऑटो-रिन्यू’ चालू दिसते म्हणून निर्धास्त राहू नये. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डातून ठरावीक काळाने आपोआप पैसे कापायला ई-मँडेट (कार्डधारकाने आधी नोंदवलेली मंजुरी) लागतो. ती सोय नसलेल्या परदेशी रजिस्ट्रारकडे पैसे कापलेच जात नाहीत. मुदत संपलेले डॉट कॉम नाव रजिस्ट्रारने काढून टाकले की ते सोडवायला ३० दिवस मिळतात, तेही मोठे शुल्क भरून. त्यानंतर ५ दिवसांनी ते कोणालाही घेता येते.

साइटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या एसएसएल प्रमाणपत्राचीही गणिते बदलत आहेत. वर्षाचे एकदा बसवले की झाले, हे दिवस संपले. नव्या प्रमाणपत्राची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून ३९८ वरून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस. शेवटी वर्षाला आठ वेळा नूतनीकरण. ते सर्व्हरवर आपोआप झाले पाहिजे आणि कधी झाले नाही तर सूचना कोणाच्या फोनवर येणार, हे करारात लिहिलेले हवे.

चौकशीचा फॉर्म हे दुर्लक्षित दुखणे. ग्राहकाला ‘धन्यवाद’ दिसते, मेल मात्र दुकानापर्यंत पोहोचत नाही. कारण बहुधा एकच : फॉर्म ग्राहकाचाच पत्ता पाठवणारा म्हणून लावतो, त्या पत्त्याच्या डोमेनने आपल्या सर्व्हरला परवानगी दिलेली नसते आणि मेल स्पॅममध्ये जातो किंवा नाकारला जातो. पाठवणारा पत्ता आपल्याच डोमेनचा ठेवावा, ग्राहकाचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये घालावा, मेल एसएमटीपीने (मेल खात्यात लॉगिन करून पाठवण्याच्या पद्धतीने) पाठवावा आणि प्रत्येक नोंद डेटाबेसमध्येही साठवावी. दर महिन्याच्या १ तारखेला फॉर्म स्वतः भरून पाहावा, दोन मिनिटे लागतात.

बॅकअप त्याच होस्टिंगवर (साइट ठेवलेल्या भाड्याच्या सर्व्हरवर) असेल तर तो बॅकअप नव्हे, खाते गेले की दोन्ही जातात. डेटाबेस आणि फाइली दोन्हींची प्रत दुसऱ्या कंपनीच्या खात्यात हवी : ऑर्डरी येत असतील तर रोज, नुसती माहिती असेल तर आठवड्याला. तीन महिन्यांतून एकदा ती रिकाम्या जागी उतरवून मराठी पान उघडून बघावे. अक्षरांऐवजी विचित्र रोमन चिन्हे दिसली तर मजकूर बहुतेक शाबूत असतो, कॅरेक्टर सेट (अक्षरे साठवण्याची संकेत-पद्धत) चुकलेला असतो. ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हे दिसली आणि डेटाबेसमध्येही तीच असली, तर त्या प्रतीतून मूळ अक्षरे परत मिळत नाहीत.

वर्डप्रेसचे (साइट बनवण्या-चालवण्याच्या सॉफ्टवेअरचे) अपडेट आधी चाचणीच्या प्रतीवर, मगच चालू साइटवर. वर्डप्रेस ज्या भाषेत चालते त्या पीएचपीच्या ७.४ आवृत्तीला सुरक्षा-दुरुस्त्या मिळणे २८ नोव्हेंबर २०२२ ला संपले, तरी कित्येक साइट त्यावर आहेत. जुनी थीम (साइटच्या रूपाचा साचा) तशीच ठेवून एकदम ८ वर नेले की बऱ्याचदा कोरे पान दिसते. फुकट मिळालेल्या चोरीच्या थीममध्ये तर मागचे दार उघडे असण्याचीच शक्यता जास्त, ती लावूच नये.

जिल्हा उद्योग केंद्रे आणि व्यापारी संघटनांना आमची विनंती आहे की त्यांनी दोन पानांचा मराठी नमुना करार तयार करून सदस्यांना द्यावा. त्यात वरील कामे किती दिवसांनी होणार, साइट बंद पडल्यास किती तासांत कोण फोन उचलणार आणि अपडेटनंतर काय काय तपासणार, हे असावे. करार संपल्यावर ७ दिवसांत डोमेन, होस्टिंग व डेटाबेसचे सर्व पासवर्ड आणि शेवटचा बॅकअप मालकाच्या ताब्यात देण्याचे कलम त्यात सर्वांत वर घालावे.

आपले,
वेबसाइट देखभालीचे काम करणारे काही तंत्रज्ञ, पुणे