फांदीपाशी अडलेलं ग्लुकोज

चि. मधुरा,
अनेक आशीर्वाद.

ग्लायकोजेनच्या, म्हणजे शरीरातल्या ग्लुकोजच्या साठ्याच्या, विघटनाचे टप्पे पाठ होत नाहीत म्हणालीस. पाठ करूच नकोस. त्यात एक अडचण आहे, ती आधी बघ.

साखळीतली ग्लुकोज १-४ बंधांनी (आकडे जोडलेल्या कार्बनचे) जोडलेली असतात आणि फांदी फुटते तिथे १-६ बंध असतो. फॉस्फोरायलेज हे एन्झाइम टोकाकडून एकेक ग्लुकोज सोडवत येतं आणि फांदीच्या चार ग्लुकोज अलीकडे थांबतं. पुढे त्याचं काही चालत नाही. ग्लायकोजेनचा कण तर फांद्यांनी गच्च भरलेला. म्हणजे साठा आहे, पण हाताशी येतो तो फक्त बाहेरचा थर.

ही कोंडी आपल्या पेशीत एकच प्रथिन, डीब्रँचिंग एन्झाइम, फोडतं, आणि त्याची दोन कामं आहेत. आधी ते अडलेल्या चारांपैकी तीन ग्लुकोजचा तुकडा उचलून दुसऱ्या साखळीच्या टोकाला जोडतं. साखळी लांबली की फॉस्फोरायलेजला पुन्हा काम मिळतं. मागे उरलेलं एकटं ग्लुकोज ते पाण्याच्या साहाय्याने तोडतं. म्हणून फांदीवरचं ते ग्लुकोज मोकळं सुटतं, तर फॉस्फोरायलेजने सोडवलेलं प्रत्येक ग्लुकोज-१-फॉस्फेट म्हणून. परीक्षेत हा फरक हमखास विचारतात, पण मला तो त्याहून मोलाचा वाटतो. फॉस्फेट आधीच जोडलेलं असल्याने स्नायूचा अशा दर ग्लुकोजमागे एक एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, वाचतो.

जिवाणूंचं आयसोअमायलेज हे एन्झाइम ही उचलाउचल करत नाही, थेट १-६ बंधच तोडतं. पुलुलनेजही तसंच. स्टार्चपासून ग्लुकोज बनवणाऱ्या कारखान्यांत ते वापरतात.

आपलं डीब्रँचिंग एन्झाइम जन्मतः नसेल तर होणाऱ्या आजाराला कोरी यांचं नाव आहे. गर्टी कोरी यांना १९४७ साली पती कार्ल यांच्यासह नोबेल मिळालं. पुढे १९५०च्या दशकात त्यांच्याच प्रयोगशाळेने या आजारात नेमकं काय कमी आहे ते शोधलं. अशा मुलांच्या यकृतात आखूड फांद्यांचं ग्लायकोजेन साचत जातं, यकृत मोठं होतं आणि उपाशी राहिलं की रक्तातली साखर उतरते. एवढा साठा असून साखर उतरावी, याचं मला अजून वाईट वाटतं.

आता तुला एक प्रश्न. अशा मुलाला जेवणानंतर दोन तासांनी ग्लुकॅगॉन, म्हणजे यकृताला ग्लायकोजेन फोडायला लावणारं संप्रेरक, दिलं तर साखर वाढते. रात्रभराच्या उपासानंतर दिलं तर जवळपास वाढतच नाही. असं का? पुस्तक न उघडता, फांद्यांचं चित्र काढून उत्तर पाठव.

तुझी,
आई